हिंवाळ्यापूर्वींचें साह्य

(दुष्काळनिवारण समितीच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण)



समितीचा अहवाल व जमाखर्च चिटणिसांनीं आपल्यापुढें मांडलाच आहे. आपण दिलेला पैसा कोठें गेला हें त्यांतील आंकडे सांगतात. तो वेळेवर गेला कीं नाहीं, आणि ज्याच्या हातीं पडला त्याच्या मनास तो कसा लागला, हें मात्र कोणताही जमाखर्च सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम आज आमच्याकडे आलें आहे. वकिलीच्या धंद्यांत आम्हांस एक गोष्ट फार लौकर शिकावी लागली. मुदत टळल्यावर दाखल केलेला दावा कितीही खरा असला तरी न्यायालय तो काढून टाकतें. दानाचीही अशीच एक मुदत असते, आणि पांघरुणाच्या दानाची मुदत थंडीच्या पहिल्या रात्रीं संपते. एवढेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे. बाकीचें सर्व त्याचाच पुरावा समजावा.

पुराव्यासाठीं आम्ही आपणांस बरेंच दूर, विलायतेंतील लँकेशायर परगण्यांत, १८६२ च्या हिंवाळ्यांत नेणार आहोंत. तेथील ख्रिस्ती मंडळ्यांनीं थंडीपूर्वीं गरिबांच्या दारीं जाण्याची जी रीत पूर्वींपासून घालून ठेविली होती, तिची त्या वर्षीं कसोटी लागली. शिवाय हें उदाहरण दिसतें तितकें परकें नाहीं. त्या दुष्काळाचा एक धागा आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाशीं व मुंबईच्या पेढ्यांशीं बांधलेला आहे, तो पुढें दिसेल.

इ. स. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि त्या बंदरांतून इंग्लंडास जाणारा कापूस जवळजवळ बंद पडला. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा सुमारें चार-पंचमांश भाग तोंपर्यंत अमेरिकेहून येत असे. आधींच्या कांहीं काळांत गिरण्यांनीं गरजेपेक्षां अधिक माल काढून ठेविला होता, म्हणून पहिला फटका हळू बसला. परंतु १८६२ सालीं एकामागून एक गिरणीचें धुराडें थंड पडत गेलें, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत सुमारें पांच लाख माणसें दुसऱ्याच्या साह्यावर जगत होतीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, तेथें बाजारांत धान्य होतें. तें विकत घेण्यास मजुरी नव्हती. दुष्काळ हा धान्याचा असतो त्याहून अधिक मजुरीचा असतो, हें तत्त्व आपल्या देशांत १८८० च्या फॅमिन कमिशनानें स्पष्टपणें मांडलें; लँकेशायरनें तें अठरा वर्षें आधीं अनुभविलें होतें.

हीं पांच लाख माणसें भिकारी नव्हतीं. सूत कातणारे व विणणारे हे कुशल कामकरी होते. त्यांच्यापैकीं अनेकांचे पैसे बचतपेढ्यांत होते. रॉचडेल येथें १८४४ सालीं विणकरांनींच सुरू केलेल्या सहकारी भांडाराच्या धर्तीवर जीं दुकानें निघालीं, त्यांत कित्येकांचे हिस्से होते. काम थांबल्यावर पहिल्यानें ही शिल्लक उठली. मग घड्याळ, मग टेबलखुर्ची, मग सणाचे कपडे, आणि शेवटीं पांघरुणें गहाणाच्या दुकानीं गेलीं. गरिबाचा हा हिशेब मूर्खपणाचा नसतो. उन्हाळ्यांत कांबळ्याचा उपयोग नाहीं, भाकरीचा आहे. म्हणून कांबळें आधीं जातें. तें सोडवून आणूं अशा भरंवशावरच तो तें नेऊन ठेवितो. परंतु काम येत नाहीं, व्याज चढतें, आणि थंडी मात्र ठरल्या दिवशीं येते. त्या देशांतील थंडी म्हणजे काय, हें आपल्या पौषाच्या पहांटेवरून सर्वस्वीं कळणार नाहीं. शेगडींत कोळसा नाहीं, खाटेवर पांघरूण नाहीं, आणि एका खोलींत पांच-सहा माणसें, एवढें चित्र डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे पुरे.

आतां कायद्यानें काय केलें तें पाहूं. कारण आम्ही कायद्याचेच सेवक. इंग्लंडांत १८३४ सालचा गरिबांविषयींचा कायदा चालूं होता. त्याचें धोरणच असें होतें कीं, साह्य मागणें हें इतकें कष्टाचें व लाजेचें व्हावें कीं निरुपायावांचून कोणी मागूं नये. सशक्त मनुष्यास साह्याच्या मोबदल्यांत दगड फोडावयास लावीत. ज्या बोटांना सुताचा तुटलेला तंतु क्षणांत जोडण्याची संवय, त्या बोटांत हातोडा देण्यांत आला. स्थानिक करावर हा सर्व भार. आणि कर भरणारा दुकानदार स्वतःच गिऱ्हाइकांअभावीं बुडत चाललेला. १८६२ च्या ऑगस्टांत पार्लमेंटानें नवा कायदा करून हा भार अधिक विस्तृत क्षेत्रावर वांटण्याची व कर्ज काढण्याची मोकळीक दिली, हें योग्यच झालें. तथापि कायद्याचा हात एका जागीं बसून असतो. ज्याला गरज आहे त्यानें त्याच्याकडे चालत जावें लागतें. आणि जो खरा मानी असतो, तो सर्वांच्या शेवटीं चालत जातो.

येथें त्या ख्रिस्ती मंडळ्यांची रीत उपयोगीं पडली. इंग्लंडच्या अनेक गांवीं उपासनामंदिराच्या आश्रयानें वस्त्रफंड, कोळसाफंड व कांबळेंफंड चालत असत. गरीब कुटुंबानें वर्षभर आठवड्यास एखादी पेनी भरावी, मंडळींतील सधनांनीं त्यांत आपली भर घालावी, आणि हिंवाळ्याच्या तोंडीं त्या रकमेचें कापड किंवा कोळसा घरीं यावा. कोठें कोठें कांबळीं उसनीं देत. शरद ऋतूंत न्यावीं, वसंतांत धुऊन परत करावीं. देणगी लहानच, पण तिच्यांत दोन मोठे गुण होते. एक, ती थंडीच्या आधीं येई. दुसरा, घेणाऱ्याची पेनी तींत असल्यामुळें तो याचक न राहतां सभासद होई.

मँचेस्टर शहरांत क्रॉस स्ट्रीट चॅपेल म्हणून एक जुनें उपासनामंदिर आहे. तेथील मंडळी युनिटेरियन पंथाची. तींत गिरणीमालक, सराफ व व्यापारी पुष्कळ. आजच्या या सभेसारखीच ती मंडळी होती, असें म्हटल्यास चालेल. विल्यम गॅस्केल हे १८२८ पासून १८८४ पर्यंत तिचे धर्मोपदेशक होते, व ‘मेरी बार्टन’ ही गिरणकामगारांच्या जीवनावरील कादंबरी १८४८ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या एलिझाबेथ गॅस्केल या त्यांच्या पत्नी. त्या पंथाच्या लोकांनीं १८३३ सालीं शहरांत एक सेवाकार्य सुरू केलें होतें. त्यांत नेमलेल्या मनुष्यानें गरिबांच्या वस्तींत घरोघर जावयाचें, व पंथ न विचारतां साह्य करावयाचें. त्याच साली शहरांत निघालेल्या डिस्ट्रिक्ट प्रॉव्हिडंट सोसायटीनें वस्तीचे विभाग पाडून स्वयंसेवकांकडून घरभेटी चालविल्या व लहान बचतीस उत्तेजन दिलें. १८६२ चें संकट आलें तेव्हां मँचेस्टरांतील साह्याचें बरेंचसें काम याच सोसायटीच्या मार्फत चाललें. वाटा आधींच पडलेल्या होत्या, म्हणून संकटांत पावलें लौकर उचललीं गेलीं.

त्या वर्षीं एलिझाबेथबाई आणि त्यांच्या मुली या साह्यकार्यांत इतक्या गुंतल्या कीं बाईंची प्रकृति थकून गेली. त्यांचें मुख्य लक्ष शिवणशाळांकडे होतें. गिरणींत लहानपणापासून काम केलेल्या मुलींस शिवण येत नसे. चर्चच्या शाळागृहांत, रिकाम्या खोल्यांत त्यांना बसवावें, मंडळींतील स्त्रियांनीं शिवण शिकवावें, जोडीला लिहिणें-वाचणें शिकवावें, आणि हजेरीचे पैसे द्यावे, अशी ती योजना होती. तेथें तयार झालेले कपडे गरजूंच्या घरीं जात किंवा अल्प किंमतीस विकले जात. एकाच पैशांत किती कामें झालीं तें पाहा. मुलीच्या हातांत मजुरी पडली, अंगीं विद्या आली, दिवस उबदार खोलींत गेला, आणि शेजारच्या घरीं सदरा पोंचला. ज्या व्यापाऱ्यास आपल्या रुपयाचें फळ मोजून पाहण्याची संवय आहे, त्यानें याहून चांगला व्यवहार आम्हांस दाखवावा.

मँचेस्टरांत एक मध्यवर्ती साह्यसमिति होती. पूर्वीं दोनदां मुख्य प्रधान झालेले लॉर्ड डर्बी हे तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष. २ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टर येथें भरलेल्या सभेंत त्यांनीं परगण्यांतील धनिकांस भर घालण्याविषयीं विनविलें, व मोठी रक्कम जमली. देशाच्या सर्व भागांतून जुन्या-नव्या कपड्यांचे गठ्ठे आले. १८६३ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कहून ‘जॉर्ज ग्रिस्वोल्ड’ नांवाचें जहाज पिठाचीं पिंपें घेऊन लिव्हरपूलास लागलें. त्यांतील एक पिंप रॉचडेलच्या संग्रहालयांत जपून ठेविलें आहे. ज्या देशांत युद्ध पेटलें होतें त्यानेंच ही भाकर पाठविली, हें विशेष.

परंतु ज्या पुराव्यानें आमची बाजू थोडी अडचणींत येते तोही मांडणें प्रामाणिक वकिलाचें काम आहे. सर्व गोड झालें असें नाहीं. १८६३ च्या मार्चांत स्टेलीब्रिज या गांवीं साह्यसमितीनें साह्याची रक्कम कमी केली, आणि रोख पैशांऐवजीं दुकानावर दाखवावयाच्या चिठ्ठ्या देण्याचें ठरविलें. समितीचा हेतु वाईट नसावा. पैसा दारूंत जाऊं नये, एवढाच असेल. पण लोकांनीं त्या चिठ्ठ्या नाकारल्या. दगड उडाले, खिडक्या फुटल्या, दुकानें लुटलीं गेलीं, घोडेस्वार बोलवावे लागले. रक्कम घटली याचा राग होताच. परंतु चिठ्ठीचा अर्थ त्यांनीं बरोबर वाचला होता, ‘तुमच्या हातांत नाणें देण्याइतका आमचा तुमच्यावर विश्वास नाहीं’ असा. बारा महिने संयमानें उपास काढलेल्या माणसांस उपासानें जें करतां आलें नाहीं, तें एका अपमानानें केलें.

आणि हीं माणसें कोण होतीं? ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्रीं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्यें कामकऱ्यांची सभा भरली, व अमेरिकेंतील गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून त्यांनीं अध्यक्ष लिंकन यांस पाठिंब्याचें पत्र पाठविलें. त्या नाकेबंदीनेंच अनेकांच्या चुली विझल्या होत्या, तरी गुलामांच्या श्रमाचा कापूस पुन्हां यावा म्हणून त्यांनीं ती उठविण्याची मागणी केली नाहीं. लिंकननीं १९ जानेवारी १८६३ रोजीं त्यांस कृतज्ञतेचें उत्तर लिहिलें. सज्जनहो, साह्याच्या यादींत ज्यांचीं नांवें आपण लिहितों, त्यांचे विचार, त्यांची नीति व त्यांचा मान आपल्याहून तिळमात्र कमी असतो, असें समजण्यास कांहीं एक आधार नाहीं.

आतां तो धागा. अमेरिकेचा कापूस बंद होतांच इंग्लंडनें हिंदुस्थानाकडे तोंड वळविलें. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड, धारवाड येथील कापूस तेथील बाजारांत ‘सुरती’ या एकाच नांवानें ओळखला जाई. त्याचा धागा आंखूड, त्यांत कचरा फार. विणकर त्याला कंटाळत. त्या वेळची एक गोष्ट सांगतात कीं, प्रार्थनासभेंत उपदेशक कापसासाठीं देवाची करुणा भाकीत असतां मागून एक विणकर म्हणाला, ‘तथास्तु, पण देवा, सुरती मात्र नको!’ देवानें त्याचें ऐकिलें नाहीं. सुरती गेला, आणि त्याच्या किंमतीचें सोनें मुंबईस आलें. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा हा त्या सुबत्तेचाच अवशेष. पुढें १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपत आलें, कापसाचा भाव कोसळला, व त्याच वर्षींच्या जुलैंत मुंबईच्या शेअरबाजाराचा डोलारा पडला. तेजीच्या वर्षांत ज्या कुणब्याला कर्ज सहज मिळालें होतें, त्याच्याकडून तें मंदींत सक्तीनें वसूल होऊं लागलें. १८७५ सालीं सुपें येथून सुरू झालेल्या व पुणें-नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत लोकांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्याच्या कारणांत ही तेजीमंदीही एक होती. एका ठिकाणचा दुष्काळ दुसऱ्या ठिकाणची बरकत होतो, आणि ती बरकत सांभाळतां आली नाहीं तर तिचाच पुढें दुष्काळ होतो.

हें आम्ही कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. दुष्काळांत कडबा महागतो व बैल स्वस्त होतो. ज्याच्याजवळ कडबा आहे त्याला लाभ होतो, व ज्याच्याजवळ बैल आहे त्याचा दावणीचा खुंटा रिकामा होतो. हा व्यापाराचा अपराध नव्हे, त्याचा स्वभाव आहे. परंतु या स्वभावामुळें ज्याच्या पदरांत कांहीं पडलें, त्यानें त्यांतील कांहीं भाग परत पाठविणें याला आम्ही दान म्हणत नाहीं. कायदा जें मागत नाहीं पण न्याय मागतो, असें तें देणें आहे.

आतां आमचा स्वतःचा कबुलीजबाब. गेल्या वर्षीं आपण उदारपणें वर्गणी दिली व घोंगड्यांचे गठ्ठे कार्तिकांतच आमच्या गुदामांत येऊन पडले. तेथें ते तीन आठवडे पडून राहिले. कारण एवढेंच कीं, वांटपाचा समारंभ करावा, पाहुण्यांस बोलवावें, असें आम्हीं ठरविलें, आणि पाहुण्यांस सोयीचा दिवस मिळेना. शेवटीं भर चौकांत मांडव घालून, नांवें पुकारून घोंगड्या दिल्या, व छायाचित्रें काढिलीं. यादींतील एक म्हातारी आली नाहीं. संध्याकाळीं आम्ही तिची घोंगडी घेऊन तिच्या घरीं गेलों. ती तुऱ्हाट्यांची शेकोटी करून नातवाला जवळ घेऊन बसली होती. कां आलां नाहींत, असें विचारल्यावर ती म्हणाली, ‘वकीलसाहेब, त्या चौकातच याची शाळा हाय. ह्याच्या सोबत्यांदेखत म्या हात कसा पसरावा?’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तीस वर्षें न्यायालयांत बोलणाऱ्या माणसास सुचूं नये, याचा अर्थ उत्तर नव्हतेंच. त्या तीन आठवड्यांच्या थंडीचा जमाखर्च अहवालांत नाहीं, म्हणून तो येथें तोंडानें सांगितला.

यास्तव यंदा समितीनें तीन गोष्टी ठरविल्या आहेत, व त्यांस आपलें साह्य हवें आहे.

पहिली गोष्ट मुदतीची. वर्गणी कोजागरीपर्यंत यावी, म्हणजे दिवाळीपूर्वीं पांघरूण घरांत जाईल. माघांत आलेले शंभर रुपये आश्विनांत आलेल्या पन्नासांची बरोबरी करीत नाहींत. मोठी रक्कम सावकाश देण्यापेक्षां लहान रक्कम आज द्यावी.

दुसरी गोष्ट पद्धतीची. यंदा समारंभ होणार नाहीं, नांवें पुकारलीं जाणार नाहींत, छायाचित्रें घेतलीं जाणार नाहींत. दोघे-दोघे कार्यकर्ते दिवेलागणीच्या सुमारास घरोघर जातील. घेणाऱ्यांचीं नांवें हिशेबतपासनिसांस पाहण्यास मिळतील, छापलीं जाणार नाहींत. देणाऱ्यांपैकीं ज्यांस येतां येईल त्यांनीं एक संध्याकाळ या कार्यकर्त्यांबरोबर यावें. ती संध्याकाळ आम्ही वर्गणींतच जमा धरूं.

तिसरी गोष्ट मजुरीची. आपल्याकडील बाया गोधडी शिवण्यांत ज्या तरबेज आहेत, त्यांना कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. कापडाच्या व्यापाऱ्यांनीं आपल्या दुकानांतील तुकडे व मागें पडलेले ठाण द्यावे. समिति दुष्काळी घरांतील बायांस रोख मजुरी देऊन गोधड्या शिववून घेईल, आणि त्याच गोधड्या ज्या घरीं हात चालविणारें कोणी नाहीं तेथें जातील. चिठ्ठी नाहीं, रोख. स्टेलीब्रिजचा धडा आम्ही विसरणार नाहीं.

आणखी एक विनंति, ती ठरावांत नाहीं. आपल्यापैकीं कांहींजणांच्या पेढीवर या उन्हाळ्यांत गरिबांचीं भांडीं, पाटल्या, मण्यांच्या पोती गहाण आल्या असतील. ज्यांचें कर्ज थोडें आहे अशांचें व्याज या हिंवाळ्यापुरतें सोडतां आलें तर पाहावें, आणि जिन्नस परत द्यावा. त्याची पावती समिति देणार नाहीं, अहवालांत त्याचा उल्लेख होणार नाहीं, आणि पुढच्या वर्षीं या सभेंत कोणी आपलें नांव घेणार नाहीं.

सरकारचें काम सरकार करो. १९७२ च्या दुष्काळांतील कामांच्या अनुभवानंतर आपल्या राज्यानें रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं केला, तो आम्हांस अभिमानाचा वाटतो, व त्याची अंमलबजावणी मागण्यास आम्ही न्यायालयांत उभे राहूं. परंतु कायदा मजुरी देईल तेव्हां देईल. थंडी त्याच्यासाठीं थांबणार नाहीं. मधल्या रात्री आपल्या आहेत.

यंदाच्या कोजागरीस किती दिवस उरले आहेत, तें आपण घरीं जाऊन पंचांगांत पाहावें, आणि चिटणिसांस उद्यांच कळवावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.